पंप चालू, अलार्म नाही, तरी साखर ३००: कुठे काय बघायचं

पाणंद

टाइप वन मधुमेहात इन्सुलिन पंप लावलेल्यांचा एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. पडद्यावर सगळं ठीक दिसतं, बेसल (दिवसभर थेंब थेंब जाणारं इन्सुलिन) चालू असतं, बोलस (जेवणासाठी किंवा चढलेल्या साखरेसाठी एकदम दिलेला डोस) गेल्याची नोंद असते आणि ग्लुकोमीटर मात्र ३०० दाखवतो. यावरची माहिती एका जागी असावी म्हणून हा धागा. ज्यांना नेमकं ठाऊक आहे त्यांनी भर घालावी.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की बसवा. पंपात फक्त झटपट काम करणारं इन्सुलिन असतं: लिस्प्रो, अस्पार्ट किंवा ग्लुलिसिन. ग्लार्जिन किंवा डेग्लुडेक असं लांब पल्ल्याचं इन्सुलिन टोचून घेणाऱ्याच्या कातडीखाली दिवसभर पुरेल असा साठा असतो, पंपवाल्याकडे तो नसतो. ताशी अर्धा-पाऊण युनिट जे थेंब थेंब जातं तेवढ्यावरच शरीर चाललेलं असतं. ते थांबलं की दोन-तीन तासांत साखर चढायला लागते आणि चार ते सहा तासांत किटोन (इन्सुलिनअभावी चरबी जळून रक्तात साठणारी आम्लं) जमू लागतात. रात्री अकराला नळी निसटली तर पहाटे पाचला उलट्या सुरू होऊ शकतात.

म्हणून २५० च्या वरची साखर दिसली आणि कारण सापडत नसेल, तर इन्सुलिन आत जात नाहीये असंच धरून चालायचं. कारण नंतर शोधता येतं.

क्रम असा ठेवा. हात साबणाने धुऊन बोटातून साखर बघा, अंगावरच्या साखर मोजणाऱ्या सेन्सरवर नुसतं जाऊ नका. आंबा कापलेल्या बोटाची साखरही ३०० येते. मग किटोन तपासा. रक्तातला किटोन ०.६ च्या खाली असेल तर पंपातूनच एकदा करेक्शन (साखर उतरवायचा जादा डोस) द्या आणि तासाभराने परत बघा. साखर उतरायला लागली नसेल, किंवा पहिल्याच तपासणीत किटोन ०.६ वा जास्त असेल, तर पुढचा डोस पंपातून नाही. तो पेनने किंवा सिरिंजने द्यायचा, नवा सेट (पंपाची नळी आणि तिच्या टोकाची कातडीखाली जाणारी बारीक कॅन्युला) नव्या जागी लावायचा, पाणी पीत राहायचं आणि दर दोन तासांनी साखर व किटोन दोन्ही बघायचे. १.५ च्या पुढे नेहमीच्या करेक्शनपेक्षा जास्त डोस लागतो. किती, ते आपल्या डॉक्टरांकडून आजच लिहून घेऊन कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, रात्री दोनला कोणाला फोन लागत नाही. ३ च्या वर, किंवा त्याआधीही उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास असं काही दिसलं तर थेट दवाखाना. तिथे पोचल्यावर पहिलं वाक्य "टाइप वन आहे, पंप बंद पडलाय, किटोन इतका आहे" हेच बोला. उलट्या पाहून ॲसिडिटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवण्याची चूक होऊ शकते, ती या एका वाक्याने टळते.

लघवीच्या पट्टीने किटोन बघत असाल तर लक्षात घ्या, ती दोन-तीन तास मागचं सांगते. शिवाय रक्ताची पट्टी आणि लघवीची पट्टी वेगवेगळे किटोन मोजतात, त्यामुळे दोन्हींचे आकडे जुळवत बसू नका.

जास्वंदी

पाणंद, क्रम अगदी बरोबर. अलार्म का वाजत नाही तेही लिहिते, कारण "अलार्म नाही म्हणजे सेट चांगला" या समजुतीनेच बराचसा उशीर होतो.

पंपाला आपल्या शरीरात काय झालं ते कळत नाही. त्याला फक्त मोटर किती सरकली आणि समोरून किती दाब आला एवढंच कळतं. कॅन्युला पूर्ण तुंबली तर दाब वाढतो आणि अलार्म होतो. पण त्यासाठी आधी नळीत बरंच इन्सुलिन अडकावं लागतं. अडकलेलं इन्सुलिन दोन युनिट झाल्यावर अलार्म येतो असं धरा. ताशी १ युनिट बेसल असलेल्या मोठ्या माणसाला तो दोन तासांत कळेल. ताशी ०.२ बेसल असलेल्या लहान मुलाला दहा तास लागतील, म्हणजे अख्खी रात्र गेली.

आणि कॅन्युला कातडीतून बाहेर आली असेल तर दाब वाढतच नाही. इन्सुलिन चिकटपट्टीखाली झिरपत राहतं, पंपाच्या दृष्टीने सगळं सुरळीत असतं. अशा वेळी नाक सर्वांत कामाचं. पट्टीजवळ नाक नेऊन वास घ्या. इन्सुलिनला औषधी, दवाखान्यासारखा उग्र वास असतो, फिनॉल आणि क्रेसॉलचा. वास आला किंवा पट्टीची कड ओलसर लागली तर विचार करत बसू नका, सेट काढा.

काढलेली कॅन्युला लगेच टाकून देऊ नका. उजेडात धरून बघा. टेफ्लॉनची नळी सरळ हवी. टोकाला एल आकाराची मुडपलेली असेल तर ती घातल्या घातल्याच वाकली होती: कातडी ढिली धरली, घालण्याचं यंत्र तिरकं टेकलं, किंवा त्या जागी चरबीच नव्हती. पुढच्या वेळी जागा बदला. आत रक्ताची काळपट रेघ असेल तर बारीक रक्तवाहिनी लागली होती. नळी सरळ आणि स्वच्छ असूनही साखर चढत असेल तर जागा मेलेली आहे. तिथे बोटं फिरवून बघा, रबरासारखी गुठळी लागेल. अशा गुठळीत इन्सुलिन कधी शोषलं जातं, कधी पडून राहतं आणि तीन तासांनी एकदम उतरतं. तिला निदान काही महिने विश्रांती द्या.

बारीक अंगाच्या मुलांना टेफ्लॉन पुन्हा पुन्हा मुडपत असेल तर स्टीलच्या सुईचा सेट मागून बघा. ती वाकत नाही. मात्र दर दोन दिवसांनी बदलावी लागते आणि खेळताना टोचल्यासारखी वाटते.

लाल_माती

उत्तम धागा. एक शंका आहे: रिझर्वॉयर (पंपातली इन्सुलिनची नळकांडी) भरताना कितीही काळजी घेतली तरी तासाभराने नळीत बुडबुडे दिसतात. हे पंपाचं काही बिघडलंय का?

मोजमाप

लाल_माती, पंपाचं नाही, बहुतेक वेळा फ्रीजचं आहे. थंड इन्सुलिनमध्ये हवा जास्त विरघळलेली असते. पंप अंगाला लागून गरम झाला की ती हवा सुटते आणि बुडबुडा होतो. बाटली भरायच्या तासभर तरी आधी बाहेर काढा. हातात चोळून गरम करणं किंवा हलवणं नको.

नळीच्या पंपाचा तीन मिलीचा रिझर्वॉयर आणि दहा मिलीची बाटली धरून पूर्ण रीत लिहितो.

बाटलीचं रबर स्पिरिटने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. रिझर्वॉयरचा दट्ट्या जेवढं इन्सुलिन घ्यायचंय तेवढ्या खुणेपर्यंत ओढून आत हवा घ्या. रिझर्वॉयरला लावलेल्या निळ्या जोडाने तो बाटलीवर बसवा आणि ती हवा बाटलीत ढकलून दट्ट्या दाबूनच ठेवा. आता सगळं उलटं करा, बाटली वर. दट्ट्या सावकाश खाली ओढा. इथे घाई केली की बुडबुड्यांची साखळी येते. भरल्यावर रिझर्वॉयरच्या बाजूला नखाने टिचक्या मारा, बुडबुडे वर चढतील, ते बाटलीत परत ढकला आणि कमी पडलेलं इन्सुलिन पुन्हा ओढा. मग बाटली खाली येईल असं उलटवून टेबलावर ठेवा आणि तेव्हाच रिझर्वॉयर फिरवून काढा.

या शेवटच्या पायरीचं कारण आहे. उलटं असताना काढलं तर एखादा थेंब रिझर्वॉयरच्या माथ्यावर सांडतो. नळीच्या टोपीत हवा खेळावी म्हणून बारीक छिद्रं असतात, ती ओली झाली की बंद होतात आणि दाबाचा हिशोब चुकतो. मग इन्सुलिन कमीही जाऊ शकतं, जास्तही. टोपी ओली झालेली दिसली तर तो रिझर्वॉयर आणि तो सेट दोन्ही बाजूला काढून नवे घ्या, पैसे गेले तरी चालतील.

पंप रिवाइंड करताना (मोटर मागे घेताना) आणि नळी भरताना ती अंगाला जोडलेली नसलीच पाहिजे. ११० सेंटीमीटरच्या नळीत दहा-पंधरा युनिटच्या वर इन्सुलिन मावतं. ते एकदम आत गेलं तर लहान मुलाच्या जिवाशी खेळ. टोकाला थेंब दिसले की मगच सेट अंगावर लावायचा आणि नंतर कॅन्युला भरायची. ६ मिलीमीटरच्या टेफ्लॉनला ०.३ युनिट, ९ मिलीमीटरच्याला ०.५. हे विसरलं तर पोकळ कॅन्युला भरेपर्यंत बेसल कमी जातं, कमी बेसलवाल्या मुलांना ते जाणवतं.

बुडबुडा स्वतः धोकादायक नाही, कातडीखाली हवा गेल्याने काही होत नाही. तोटा एवढाच की तेवढी जागा इन्सुलिनची होती. इंचभर बुडबुडा म्हणजे जवळपास अर्धा युनिट कमी. मोठ्या माणसाला किरकोळ, ताशी ०.२ बेसलवाल्याला अडीच तासांचा उपास.

कोकणकडा

मोजमाप यांच्या प्रतिसादाला एक जोड, आणि ही आपल्याकडे फार गरजेची आहे. भारतात साध्या मानवी इन्सुलिनची बाटली बहुधा मिलीला ४० युनिटची असते. पंप १०० युनिटचाच हिशोब करतो. आणीबाणीत दुकानदाराने दिलेली ४० ची बाटली पंपात भरली तर पडद्यावर १ युनिट दिसेल आणि आत ०.४ जाईल, तेही संथ जातीचं. बाटलीवरचा आकडा वाचल्याशिवाय भरू नका.

उलटी चूक जास्त घातक. पंप बिघडल्यावर १०० च्या बाटलीतून लाल टोपीच्या, म्हणजे ४० च्या सिरिंजने इन्सुलिन ओढलं तर १० च्या खुणेवर प्रत्यक्षात २५ युनिट येतात. घरात नारिंगी टोपीच्या, १०० च्याच सिरिंजा ठेवा. लाल टोपीची एकही नको, म्हणजे अर्धवट झोपेत गोंधळ व्हायचा प्रश्नच नाही.

तिसरा_प्रहर

पाणंद यांनी पेनने करेक्शन द्यायला सांगितलं ते योग्य, पण पुढचा धोका कोणी लिहिला नाही. पेनने दिलेला डोस पंपाला ठाऊक नसतो. त्याच्या हिशोबात शरीरात सक्रिय इन्सुलिन शून्य आणि साखर ३१०.

उदाहरण घेऊ. दिवसाचं एकूण इन्सुलिन ४० युनिट. १८०० च्या नियमाने (१८०० भागिले दिवसाचं एकूण इन्सुलिन) १ युनिट साखर ४५ ने उतरवतं. ३१० वरून ११० वर यायला २०० उतरवायचे, म्हणजे ४.४ युनिट. पेनने ४ किंवा ४.५ दिले. आता नवा सेट लावला आणि मेडट्रॉनिकच्या ७८०जी सारखा सेन्सर बघून आपोआप करेक्शन देणारा पंप पुन्हा ऑटोवर टाकला, तर तो तेच ३१० पाहून स्वतःही करेक्शन द्यायला लागेल. दोन्ही डोस एकावर एक चढतात आणि तीन तासांनी साखर ५० ला येते. म्हणून पेन वापरल्यावर साधारण चार तास ऑटो बंद ठेवून नुसत्या मॅन्युअल बेसलवर राहा. तुमच्या पंपात बाहेरच्या इंजेक्शनची नोंद हिशोबात धरली जात असेल तर ती आवर्जून करा.

ऑटोवाल्यांसाठी आणखी एक. जेवणाचा बोलस विसरला आणि तासाभराने आठवला तर पूर्ण डोस देऊ नका, पंपाने मधल्या वेळात चढती साखर पाहून स्वतः बरंच दिलेलं असतं. साधारण निम्मा द्या आणि बघा. हायपोलाही (साखर फार उतरली की) तसंच. ७० च्या खाली गेल्यावर १५ ग्रॅम ग्लुकोज हा नियम इंजेक्शनवाल्यांचा. ऑटो पंपाने आधी अर्धा-पाऊण तास बेसल थांबवलेलं असतं, तिथे ५ ते १० ग्रॅम बहुधा पुरतं. ५४ च्या खाली असेल तर मात्र हात आखडू नका.

निशिगंध

दर वेळी सेटलाच दोष देऊ नका, असं म्हणायला आलेय. जेवणानंतर चार तासांनी चढणारी साखर पुष्कळदा ताटातली असते.

एक मध्यम पुरणपोळी घ्या: २५ ग्रॅम कणीक, ३० ग्रॅम हरभरा डाळ, ३० ग्रॅम गूळ. कणकेचे १६, डाळीचे १४, गुळाचे २८, म्हणजे साठ ग्रॅमच्या आसपास कार्ब (कर्बोदकं). "एक पोळी" समजून पंपात १५ टाकले की पुढचं सगळं चुकलं. वर तूप असलं की साखर उशिरा आणि लांबपर्यंत चढते. मॅन्युअल मोडमध्ये डोस विभागून देता येतो: साठ टक्के आधी, चाळीस टक्के पुढच्या दोन-तीन तासांत. ७८०जी ऑटोवर असताना विभागलेला बोलस देता येत नाही, तिथे कार्ब प्रामाणिकपणे पूर्ण टाका आणि उरलेलं त्याच्यावर सोडा.

साबुदाणा तर नुसता स्टार्च, कोरड्या १०० ग्रॅमला ८७-८८. खिचडीच्या बशीत ६० ग्रॅम कोरडा साबुदाणा आणि थोडा बटाटा असेल तर ६० कार्ब सहज होतात. १ युनिटला १२.५ ग्रॅम हे प्रमाण असेल तर जवळजवळ ५ युनिट. उपास म्हणून बोलस कमी करण्याचा दिवस नव्हे हा.

मोजायची सोपी रीत म्हणजे शिजलेलं नाही, कोरडं मोजा. ज्वारीच्या भाकरीचं पीठ परातीत घेतानाच काट्यावर ठेवा. ६० ग्रॅम पीठ म्हणजे ४० कार्ब, मग भाकरी जाड थापा की पातळ. आठवडाभर मोजलं की नजर बसते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली काढलेल्या अन्नघटक कोष्टकांत आपली धान्यं-डाळी सगळ्या आहेत, परदेशी ॲपमधला "इंडियन ब्रेड" विसरा.

आणि बोलस जेवणाआधी पंधरा मिनिटं. ताट समोर आल्यावर दिलेला डोस चांगल्या सेटमधूनही उशिराच पोचतो.

पाणंद

निशिगंध, फार उपयोगी. मग सेट की जेवण हे ओळखायचं कसं? माझी पद्धत सांगतो. सेट नेहमी जेवणाच्या आधी बदलायचा, झोपायच्या आधी कधीच नाही. नव्या सेटमधून पहिला मोठा बोलस जातो आणि दोन तासांत कळतं की जागा लागली की नाही. शाळेच्या मुलांसाठी संध्याकाळी पाच-सहाची वेळ बरी, सकाळच्या घाईत लावलेला सेट शाळेत दगा देतो. सेट दोन-तीन दिवसांचा, सात दिवसांचे वेगळे येतात. दोन-तीन दिवसांचा सेट "अजून चालतोय" म्हणून पाचव्या दिवसापर्यंत ओढू नका.

वऱ्हाडी_ऊन

उन्हाळ्याचं कोणीच लिहिलं नाही. आमच्या भागात मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. लिस्प्रो आणि अस्पार्ट पंपात ३७ अंशांपर्यंतच भरवशाचं. दुपारी दुचाकीवर निघालात आणि नळी शर्टाबाहेर लोंबत असली की त्या पातळ नळीतलं इन्सुलिन पंपातल्याच्या आधी तापतं. लक्षण ठरलेलं: सेट नवा, कॅन्युला सरळ, वास नाही, किटोन थोडे, आणि करेक्शनवर करेक्शन देऊन साखर हलत नाही. अशा वेळी फक्त सेट बदलून उपयोग नाही, रिझर्वॉयरमधलं इन्सुलिनही फेकायचं आणि ताज्या बाटलीतून भरायचं.

उपाय साधे आहेत. नळी आखूड घ्या, ६० सेंटीमीटरची. ती कपड्याच्या आत, पंप सुती कापडाच्या पिशवीत. रिझर्वॉयर पूर्ण भरू नका. दिवसाला ४० लागत असतील तर दोन दिवसांचे ८०, नळीचे १५ आणि वर २० एवढंच. जास्तीची बाटली दुचाकीच्या डिकीत किंवा उभ्या गाडीत तासभरही नको.

वीज जाते त्या गावांत मातीचा माठ चांगला चालतो. मोठ्या कुंडीत वाळू, वाळूत छोटं मडकं, वाळू सकाळ-संध्याकाळ ओली करायची, बाटली मडक्यात कोरड्या डब्यात. कोरड्या हवेत आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा चांगलंच उतरतं. कोकणात दमट हवेत पाणी उडतच नाही, तिथे याच्यावर विसंबू नका. फ्रीजमध्ये ठेवताना मागच्या भिंतीला टेकवू नका, गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसायला चांगलं असलं तरी वाया गेलेलं असतं.

घामाने पट्टी सुटत असेल तर अंघोळीनंतर लगेच सेट लावू नका. कातडी पंखाखाली दहा मिनिटं वाळू द्या, तेल-पावडर काही नको, स्पिरिट पूर्ण उडू द्या, मग लावा आणि तळव्याने अर्धा मिनिट दाबून धरा. वरून पारदर्शक चिकट ड्रेसिंग लावा.

लाल_माती

वऱ्हाडी दादा, माठाची युक्ती टिपून घेतली. शेवटचा प्रश्न: पंपच पूर्ण बंद पडला आणि बदली यायला दोन दिवस लागणार असतील तर?

जास्वंदी

लाल_माती, त्याची तयारी पंप चालू असतानाच करायची असते. सगळ्या सेटिंगचे फोटो काढून फोनमध्ये आणि घरच्यांकडे ठेवा: तासागणिक बेसल, कार्बचं प्रमाण, करेक्शनचं प्रमाण, टार्गेट, सक्रिय इन्सुलिनचे तास. मेलेल्या पंपातून हे आकडे निघत नाहीत. डॉक्टरांनी काही बदललं की फोटो नवे. फ्रीजमध्ये लांब पल्ल्याच्या इन्सुलिनचं एक पेन, मुदत बघून.

पंप बंद पडला की चोवीस तासांचं बेसल जेवढं, साधारण तेवढंच ग्लार्जिन. बेसलची बेरीज २० असेल तर २० युनिट, कमी-जास्त डॉक्टर सांगतील तसं. त्याचा असर यायला दोन ते चार तास लागतात, तोवर झटपट इन्सुलिन पेनने चालू ठेवायचं. ग्लार्जिन दिलं म्हणून लगेच निर्धास्त झोपू नका. पुढे जेवणांचे डोस जुन्याच प्रमाणाने. नवा पंप बारा तासांत आला तरी बेसल लगेच सुरू करायचं नाही, ग्लार्जिनचे चोवीस तास भरत आले की मगच. मधल्या वेळात पंप फक्त बोलससाठी लावायचा असेल तर बेसल शून्यावर हवं.

तिसरा_प्रहर

आणि नवा पंप हातात आला की पहिल्यांदा घड्याळ बघा. पहाटे तीन ते आठ बेसल ताशी १.१ आणि बाकी वेळ ०.७ असं असेल, आणि सकाळ-दुपारची खूण उलटी पडली असेल, तर दुपारी तीनला जादा इन्सुलिन जातं. रोज दुपारी हायपो आणि रोज सकाळी २५० हे चित्र दिसलं की बेसल बदलत बसण्याआधी पडद्यावरची वेळ वाचा. बॅटरी बराच वेळ काढून ठेवली तरी घड्याळ पुन्हा लावावं लागतं. दुबईला जाणाऱ्यांना दीड तासाचाच फरक, फारसं बिघडत नाही. अमेरिकेला जाणाऱ्यांनी उतरल्यावर तिथली वेळ लावून पहिले दोन दिवस रात्री एकदा उठून बोटातून साखर बघावी. विमान चढताना हवेचा दाब कमी होतो, बुडबुडे फुगतात आणि थोडं इन्सुलिन पुढे ढकललं जातं. लहान मुलांची नळी उड्डाणापुरती सोडवून ठेवावी, वर पोचल्यावर टोकाचा बुडबुडा झटकून परत जोडावी.